वहीत उरलेली चाल

चातुर्मास लागला की आमच्या मंदिरामागील सभागृहात भक्तिमंडळाची बैठक भरते. दशलक्षण पर्वाच्या दहा सायंकाळी कोणते पद कोणी म्हणावे, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, हे तेथे ठरते. एरवी ही बैठक अर्ध्या तासात आटोपते. दोन वर्षांपूर्वीची बैठक मात्र रात्री साडेदहापर्यंत चालली आणि उठताना कोणी कोणाशी धड बोलत नव्हते.

निमित्त तसे लहानच होते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आमच्या मंडळातील एका मुलाने जुन्या हिंदी जैन पदाला नवी चाल लावून आणली होती. चाल ‘सैराट’ चित्रपटातील एका संथ गाण्याची. त्याने भ्रमणध्वनीवर वाद्यमेळ सुरू केला आणि त्यावर पद म्हणून दाखविले. तरुण मंडळी खूश झाली. चाळीस वर्षे मंडळाची पेटी सांभाळणाऱ्या अण्णांनी मात्र पेटीचा भाता मिटला आणि ते म्हणाले, “भगवंतापुढे सिनेमाची चाल नको. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या शुद्ध चाली जपल्या, त्या म्हणा. ते जमत नसेल तर पेटीला दुसरा माणूस पाहा.”

मुलगा काही क्षण गप्प राहिला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारले, “अण्णा, त्या चाली आम्हाला शिकवल्या कोणी?”

सभागृहात कोणाजवळही याचे उत्तर नव्हते. मुलाच्या स्वरात उद्धटपणा असता तर त्याला दटावून विषय संपविता आला असता. परंतु तो खरोखरच विचारीत होता. घरी परतताना तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. चाटी गल्लीतील कापडाच्या दुकानात माझे आयुष्य गेले. संगीताशी माझा संबंध केवळ ऐकणाऱ्याचा. तरी आमच्या घरात एक वही आहे, तिची त्या रात्री आठवण झाली.

आजीची वही

ती वही माझ्या आजीची. दुकानातील जुन्या रोजमेळाची उरलेली कोरी पाने शिवून आजोबांनी ती तिला करून दिली होती. लाल बासनात बांधलेल्या त्या वहीत २३ पदे बाळबोध अक्षरांत लिहिली आहेत. काही हिंदी, काही मराठी, दोन गुजराती वळणाची. त्यांपैकी १९ पदांच्या डोक्यावर आजीने एक शब्द लिहिला आहे, ‘चाल’, आणि त्यापुढे दोन-चार अक्षरे. कोठे एखाद्या नाट्यपदाचे पहिले शब्द, कोठे दळणाच्या ओवीचे, कोठे नुसतेच ‘मेळ्यातली’, कोठे ‘माहेरची’. एका पदावर लिहिले आहे, ‘चाल – रामजोशी’.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून पाने उलटली आणि ‘रामजोशी’ या शब्दावर बोट ठेवले. “हे पद मी येते. लहानपणापासून म्हणतो आहे. पाहा, ही चाल दोनशे वर्षांची आहे. आपल्या सोलापूरच्या रामजोशींची. आणि तुमची ही पोरे सिनेमा घेऊन येतात!” त्यांच्या स्वरात विजय होता. मलाही ते पटले. परंतु उरलेल्या १८ शीर्षकांतील चाली कोणत्या, असे विचारल्यावर त्यांना चार-पाचच सांगता आल्या, आणि त्याही अंदाजाने.

व्यापारी घरातील माणसाला ही स्थिती लगेच उमगेल. खतावणीत नाव आहे, रक्कमही लिहिली आहे. पण तिजोरी उघडावी तर आत काही नाही.

पूर्वजांची रीत

आजीने ‘चाल’ लिहिण्याची ही रीत कोठून घेतली, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की ती घरगुती सवय नव्हे, ती शतकानुशतकांची जैन परंपरा आहे. गुजरात आणि राजस्थानातील जैन मुनींनी व श्रावक कवींनी रास, चौपाई, स्तवने, सज्झाय अशी अफाट रचना केली. रासाचे भाग ‘ढाळ’ या नावाने ओळखले जात आणि प्रत्येक ढाळीच्या आरंभी ती कोणत्या ‘देशी’त म्हणावयाची ते लिहिलेले असे. देशी म्हणजे त्या काळी लोकांच्या ओठांवर असलेल्या गीताची चाल. ते गीत लग्नातले असेल, पाणवठ्यावरचे असेल, विरहिणीचे असेल. कवी त्याची पहिली ओळ खूण म्हणून नोंदवी आणि त्याच चालीत नेमिनाथांचे वैराग्य किंवा शालिभद्राचा त्याग सांगे. सतराव्या शतकातील कवी समयसुंदर तर अमुक गीत कोणत्या प्रांतात प्रसिद्ध आहे, हेही कोठे कोठे टिपून ठेवतात. श्रोत्याला चाल आधीच ठाऊक असे, त्यामुळे नवे शब्द त्याच दिवशी त्याच्या मुखी बसत.

मुंबईचे वकील मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ हा आपला महाग्रंथ सिद्ध करताना हस्तलिखितांतील अशा देशींची सूची केली. तिच्यात दोन हजारांहून अधिक चालींची नावे आहेत. दोन हजार लोकगीतांच्या पहिल्या ओळी केवळ जैन ग्रंथांमुळे आज आपल्याला वाचता येतात. ही मोठीच कमाई आहे. परंतु त्या सूचीत स्वर नाहीत. ज्या काळी सारे गाव ते गीत गात होते, त्या काळी स्वर लिहिण्याची आवश्यकताच कोणाला वाटली नाही. पुढे गीत विसरले गेले आणि खूण तेवढी उरली. आजीच्या वहीत १९ वेळा जे घडले, तेच देसाईंच्या सूचीत दोन हजार वेळा घडले आहे.

हिंदी प्रदेशातील दिगंबर कवींचीही हीच रीत. पंडित दौलतराम यांची ‘छहढाला’ आपल्या पाठशाळांत मुले आजही पाठ करतात. विक्रम संवत १८९१ मध्ये, म्हणजे इ.स. १८३४ च्या सुमारास, ती पूर्ण झाली. सहा ढाळी, प्रत्येकीचा छंद निराळा, आणि पाचव्या ढाळीच्या छंदाचे नावच ‘चाल’! बनारसीदास, द्यानतराय, भूधरदास यांच्या पदांवर सारंग, गौरी, सोरठ अशी रागांची नावे आढळतात. यांपैकी बनारसीदास तर आपल्यातलेच, म्हणजे व्यापारी. १६४१ मध्ये लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात त्यांनी आग्र्यातील आपल्या पडत्या दिवसांचे वर्णन केले आहे. धंदा बुडाला होता, बाजारात तोंड दाखवावेसे वाटत नव्हते, कचोरीवाल्याकडे उधारी चालली होती. त्या काळात रात्री ते घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही सूफी कवींची प्रेमाख्याने गाऊन वाचीत आणि दहा-वीस माणसे ऐकावयास जमत. त्याच बनारसीदासांनी पुढे ‘समयसार नाटक’ लिहिले. अध्यात्माच्या त्या शिखरावर पोहोचलेल्या माणसाचा कान बाजारातील गाण्याला कधी बंद नव्हता.

संगीतशास्त्रातही आपले पूर्वज मागे नव्हते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला हे सर्वज्ञात आहे. परंतु ‘संगीतसमयसार’ हा ग्रंथ पार्श्वदेव या दिगंबर जैन आचार्यांचा आहे, हे आपल्या घरांतून क्वचितच सांगितले जाते. त्या ग्रंथाचा मुख्य विषय ‘देशी’ संगीत, म्हणजे प्रांतोप्रांती लोकांच्या रुचीप्रमाणे बदलत जाणारे गाणे. बदलते म्हणून त्यांनी त्याला हीन लेखले नाही. त्याचे शास्त्र लिहिले.

सोलापूरच्या परिसरातील स्वर

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल तर आपल्या परिसराकडे पाहू. सोलापूरपासून फार लांब नसलेल्या कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. उखळाशी गाइली जाणारी तीच ओवी पुढे ज्ञानेश्वरांनी ग्रंथरचनेसाठी घेतली आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत मराठी जैन कवींनीही घेतली. गुणदासांचे ‘श्रेणिकचरित्र’, मेघराजांचा ‘जसोधर रास’ ही काव्ये आज छापील स्वरूपात वाचावयास मिळतात, ती आपल्याच सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेच्या कृपेने. आपल्या जिल्ह्यातील दहिगाव क्षेत्राशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या ब्रह्मचारी महतिसागरांनी मराठीत अभंग आणि आरत्या रचल्या. त्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. वारकऱ्यांचा अभंग ज्या वाटांवरून जात होता त्या वाटांवर आपलीही घरे होती, दुकाने होती. अभंगाचा साचा आपल्या कवींनी परका मानला नाही.

आणि मग रामजोशी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातील विद्वान ब्राह्मण घराण्यात जन्मलेला हा शाहीर तमाशाच्या फडाकडे ओढला गेला, त्यापायी घराला पारखा झाला, आणि पुढे कीर्तनकार म्हणूनही मान्यता पावला. बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या त्याने कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या. डफ-तुणतुण्यावर वाढलेला गळा कीर्तनाच्या वीणेपुढे उभा राहिला, तेव्हा लावणीची लय तो फडावर सोडून आला नसेल, हे उघड आहे.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. जुगलकिशोर मुख्तार यांची १९१६ मधील ‘मेरी भावना’ आपल्या घराघरांत म्हटली जाते. तिच्या प्रत्येक चरणात तीस मात्रा आहेत आणि सोळाव्या मात्रेवर विसावा आहे. हिंदी छंदशास्त्रात या बांध्याला ताटंक, कुकुभ आणि लावणी अशी नावे आहेत. भेद केवळ चरणाच्या अखेरच्या अक्षरांचा. अर्थात, जी प्रार्थना आपण सकाळी हात जोडून म्हणतो, तिचे माप लावणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छंदाचे आहे. छंद हे भांडे आहे. त्याला उष्टे-सोवळे आपण लावतो.

रामजोशींनंतर काही दशकांनी मराठी रंगभूमीने हाच मार्ग धरला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले. त्यातील पदांसाठी कीर्तनातील साकी-दिंडी, लावणी, स्त्रीगीते, कर्नाटकातील चाली असा चहूकडचा माल त्यांनी गोळा केला होता, आणि नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर तोच आपला शब्द असे, ‘चाल’. त्या नाटकांच्या पदांनी सोलापूरच्या पेठांत किती घरे वेडी केली असतील, याची साक्ष आजीची वही देते. तिच्या १९ शीर्षकांपैकी सहा नाट्यपदांची आहेत.

आत्यांचे हसू

अण्णांना न उलगडलेल्या चालींसाठी एकच दार उरले होते, ते आत्यांचे. त्या वेळी आत्या ८६ वर्षांच्या होत्या. दृष्टी मंदावली होती; स्मरण मात्र लख्ख. एका रविवारी दुपारी मी वही घेऊन त्यांच्याकडे निघालो, आणि जाताना त्या मुलालाही बरोबर घेतले. आजीचे पद वाचून दाखवावे, आत्यांनी चाल सांगावी, मुलाने ती टिपावी, असा बेत होता.

पहिली दोन पदे त्यांनी सहज म्हटली. आजी पहाटे दिवा लावून पदे म्हणत असे आणि जुन्या मिलचा भोंगा झाला की थांबे, हेही सांगितले. मग आम्ही ‘चाल – रामजोशी’ या पदाशी आलो. मी मोठ्या आदराने म्हटले, “आत्या, ही चाल दोनशे वर्षांची. आपल्या गावच्या शाहिराची.”

आत्या हसू लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. “अरे, कसला शाहीर! तो बोलपट होता. ‘लोकशाहीर रामजोशी’. आपल्या गावच्या माणसाचा बोलपट आलाय म्हणून आई मला घेऊन गेली होती. बायकांच्या बाजूला बसून पाहिला आम्ही. बाबांना सांगितलं होतं की देवळात जातो. आठ दिवसांत आईनं त्यातल्या गाण्यावर हे पद बसवलं.”

‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट १९४७ चा. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे. आत्या तेव्हा दहा वर्षांच्या. म्हणजे अण्णा ज्या चालीला जुनी, शुद्ध, पूर्वजांची म्हणत होते, ती एका कापड व्यापाऱ्याच्या घरातील बाईने, नवऱ्याला न सांगता पाहिलेल्या सिनेमातून उचलली होती. आणि वसंत देसाईंनी ती रामजोशींच्या काळातील लावणी-कीर्तनाची आठवण मनात ठेवून बांधली होती. मुलाने माझ्याकडे पाहिले. तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण.

त्या दुपारी आणि पुढील दोन रविवारी मिळून आत्यांनी एकूण सात चाली म्हणून दाखविल्या. उरलेल्या बारा पदांपाशी त्या थांबत, डोळे मिटत, मांडीवर बोटांनी ठेका धरीत आणि मान हलवीत. “आईच्या आवाजात ऐकू येतंय, पण गळ्यात येत नाही,” असे त्या एकदा म्हणाल्या.

अण्णांची शंका

हा वृत्तान्त मी अण्णांना सांगितला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मी चाळीस वर्षे भगवंतापुढे सिनेमाच म्हणत होतो.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पण एक सांगू? ते पद म्हणताना मला कधी सिनेमा दिसला नाही. या पोराची चाल ऐकताना मला पडदा दिसतो.”

वाचकहो, माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म या एका वाक्यात आहे. चाल नवी की जुनी, हा प्रश्नच नव्हता. आपल्या परंपरेत प्रत्येक चाल केव्हा तरी नवी होती. प्रश्न असा की, उसनी आणलेली चाल आपली केव्हा होते?

आजीने चित्रपट एकदा पाहिला. तिच्याजवळ तबकडी नव्हती, वाद्यमेळ नव्हता. कानात राहिले तेवढे तिने घरी आणले. घरी येईपर्यंत त्यातील काही मुरकी गळाली, लय उतरली, पहाटेच्या शांततेत ती आणखी संथ झाली. मूळ गाण्यातील ठसका पदातील शब्दांना सोसणारा नव्हता, म्हणून तोही गेला. चाल एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना अशी गाळून जाते आणि काही वर्षांत तिच्यामागचे मूळ दृश्य पुसले जाते. जुन्या देशींचेही असेच झाले असणार.

आज चाल गळ्यातून येत नाही. ती जशीच्या तशी येते. वाद्यमेळाची तयार फीत मिळते, तिच्यात मूळ गाण्याचे व्हायोलिन, मूळ ठेका, मूळ आरंभ सारे असते. ‘सैराट’च्या गीतांसाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि करमाळा तालुक्यातून आलेल्या नागराज मंजुळे यांच्या त्या चित्रपटातील वरातीचा ठेका मात्र आपल्या जिल्ह्यातील कोणालाही परका वाटला नाही. जुन्या-नव्याची ती सांधणी खरोखर मोलाची आहे. परंतु ती फीत लावून तिच्यावर आपण भक्तिपदाचे शब्द बसविले की ऐकणाऱ्याच्या मनात शब्द आपले आणि चित्र त्यांचे, असे दुभंग होते. अण्णांना पडदा दिसला तो याचमुळे.

मुलाला हे मी जसे जमले तसे सांगितले. तो म्हणाला, “मग फीत नको. नुसता तानपुरा ठेवतो.” त्याने लय उतरविली, दोन ठिकाणी शब्दांचा तोल सांभाळण्यासाठी चाल वळविली, वाद्यमेळाचा आरंभ काढून टाकला. चार दिवसांनी त्याने पुन्हा म्हणून दाखविले तेव्हा पद पुढे आले होते आणि चाल मागे सरकली होती. दशलक्षण पर्वाच्या आठव्या सायंकाळी, उत्तम त्यागाच्या दिवशी, त्याने ते पद मंदिरात म्हटले. पेटीवर अण्णा होते. नवव्या सायंकाळी आत्यांकडून मिळालेल्या सात चालींपैकी तीन मुलींनी म्हटल्या. ‘रामजोशी’ही म्हटले गेले, चालीचा इतिहास तेव्हा साऱ्यांना ठाऊक होता आणि तरीही पडदा कोणाला दिसला नाही.

स्वरांची खतावणी

या अनुभवातून जे शिकलो ते आपल्यासारख्या घरांना सांगणे हाच या लेखाचा हेतू. उसनवारीने परंपरा बुडत नाही. नोंद अपुरी राहिली की ती बुडते.

युरोपातील एक उदाहरण यासाठी बोलके आहे. हान्स लिओ हास्लर या जर्मन संगीतकाराने १६०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रेमगीताची चाल पुढे ख्रिस्ती भजनाला लावण्यात आली आणि १७२७ मध्ये बाख यांनी येशूच्या अंतकाळावरील आपल्या महान रचनेत ती पुनःपुन्हा योजली. प्रेमगीताची चाल देवापुढे नेण्याची रीत तीच, आपल्या ढाळींसारखी. फरक एवढाच की तेथे स्वर कागदावर होते, म्हणून चारशे वर्षांपूर्वीची मूळ चाल आजही वाजविता येते.

आपल्याकडे स्वरलिपी नव्हती असे म्हणून सुटका नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून, शेकडो बंदिशी मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत स्वरांसह छापल्या. त्यांनी दिलेले साधन आज कोणत्याही संगीत विद्यालयातील विद्यार्थ्याला येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ सुरू केले. मुद्रणाचे महत्त्व आपल्या गावाला तेव्हापासून कळले आहे. आपण पदांचे शब्द छापले, पुनःपुन्हा छापले. चाल मात्र ‘सर्वांना येतेच’ असे समजून सोडून दिली.

म्हणून विनंती अशी. आपल्या घरात वृद्ध आजी, आत्या, काकू, मामी असतील तर त्यांच्यापाशी बसावे. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करावे. ते करताना पंखा बंद ठेवावा आणि त्यांना घाई करू नये. प्रथम त्यांना पद नुसते बोलावयास सांगावे, मग म्हणावयास. एक कडवे दोनदा घ्यावे, कारण दुसऱ्या वेळी त्या मोकळेपणाने म्हणतात. आरंभी आपणच सांगावे की पद कोणते, म्हणणाऱ्या कोण, त्यांनी ते कोणाकडून आणि कोणत्या गावी शिकले, आजची तिथी कोणती. जुन्या गाण्याची, नाटकाची, सिनेमाची चाल असेल तर तेही संकोच न करता नोंदवावे. त्यात लाज नाही, तो चालीचा वंशवृक्ष आहे. मग संगीत जाणणाऱ्या एखाद्या मुलाकडून किंवा मुलीकडून स्वर आणि ताल लिहून घ्यावेत. वहीत एका पानावर शब्द, समोरच्या पानावर स्वर. जमा-नावे दोन्ही बाजू भरल्याशिवाय आपण हिशेब पुरा मानीत नाही. येथेही मानू नये.

वडील मंडळींना एक सांगणे. मुलांनी नवी चाल आणली तर पेटी मिटू नये. ती हळू म्हणावयास सांगावी, फितीवाचून म्हणावयास सांगावी, शब्द स्पष्ट येतात की नाही ते पाहावे. जी चाल शब्दांपुढे नम्र होते ती राहील. जी होत नाही ती आपोआप गळून पडेल. आणि मुलांनाही सांगणे आहे की नवी चाल आणावयाच्या आधी घरातील एक जुनी चाल शिकून यावे. आमच्या मंडळात आता तसा नियमच केला आहे, आणि त्याला सर्वांत आधी होकार दिला तो त्या मुलाने.

त्या दशलक्षण पर्वात आत्या मंदिरात येऊ शकल्या नाहीत. मुलाने त्यांना ध्वनिमुद्रण ऐकविले. ‘सैराट’च्या चालीतील पद त्यांनी पूर्ण ऐकले आणि विचारले, “ही कोणत्या बोलपटातली?” त्याने नाव सांगितले. “बरी आहे,” त्या म्हणाल्या, “लिहून ठेव.”

पुढील महावीर जयंतीनंतर थोड्याच दिवसांत आत्या गेल्या. आजीच्या वहीत आता सात पदांच्या समोरील पानांवर स्वर लिहिलेले आहेत. आठवे पान त्या मुलाने स्वतः जोडले, वर ‘चाल – सैराट’ असे लिहिले आणि खाली सारे स्वर भरले. मधली बारा पाने कोरी आहेत. त्यांवर नाव आहे आणि समोर काही नाही. कोण्या वाचकाच्या घरी, आजीच्या वयाच्या कोणाच्या गळ्यात त्यांपैकी एखादी चाल अद्याप असेल, तर त्यांच्यापाशी या आठवड्यात जाऊन बसावे. जय जिनेंद्र.